कंदमुळ्याचे प्रश्न

गुरुजी : ...आणि हा महिरपी कंस? हा ओळीच्या शेवटी उघडायचा, की खालच्या ओळीत एकटा ठेवायचा?

कोंडू : उभं राहून विचारा.

गुरुजी : काय?

कोंडू : शंका विचाराची तर उभं राहाचं, हात वर कराचा. माझ्या कॉम्प्युटर क्लासचा नियम हाय. तुमच्याच शाळेतून उचललाय.

गुरुजी : कोंडू, माझे गुडघे...

कोंडू : कोंडू नाय. सर.

धाऊ : अरे बसू दे ना यार! अर्धं मुरबाड भगीरथ गुरुजींच्या पाया पडतं, आन् तू म्हाताऱ्याला कवायत करायला लावतोस?

कोंडू : धाऊ, तू तुझा टेलिफोन बूथ सांभाळ. मधी फळी मारलीय ती कशाला? इकडं कान लावाला?

धाऊ : फळीला भोक कोणी पाडलं बॉस? माझ्या फोनची वायर तुझ्या डबड्याला खेचलीस तूच. आता तुमी खोकलात तरी माझ्या कस्टमरला एसटीडीवर ऐकू जातंय.

गुरुजी : उभा आहे मी. सर. कंस कुठे उघडायचा?

कोंडू : ऐका. सी भाषेत या बाबतीत दोन घराणी. एक ओळीच्या शेवटी उघडणारं, एक खालच्या ओळीत. मशीनला दोन्ही सारखीच. पण एका फायलीत दोन्ही मिसळली की संपला माणूस. कल्याणला एक पोरगा होता, शहापूरकडचा. लई हुशार. त्यानं मिसळली. सायबानं कागद बघितला, तोंडातून शब्द काढला नाय. दुसऱ्या दिवशी पोराचं ठरलेलं लगीन मोडलं.

गुरुजी : लग्न का मोडेल?

कोंडू : सासरा प्रोग्रामर होता.

धाऊ : आन् नवरी?

कोंडू : नवरी बोलली, मला खालच्या ओळीतला पायजे. तसा बघून दिला तिला. आता आटगावला घर बांधलंय, दरवाजा पण खालच्या ओळीत हाय. वाकून जावं लागतं.

धाऊ : फेकतोय गुरुजी! फुल फेकतोय!

गुरुजी : कळतं मला. पण यातलं खरं किती, ते कळलं तर बरं. मिसळायचं नाही, एवढं खरं ना?

कोंडू : तेवढं खरं. दुसरी शंका?

गुरुजी : श्री कुठे लिहायची? प्रोग्रामच्या पहिल्या ओळीच्या, त्या इन्क्लूडच्या वर, की खाली?

कोंडू : काय लिवाची?

गुरुजी : श्री. अख्ख्या नोकरीत फळ्यावर श्री लिहिल्याशिवाय खडू खाली उतरवला नाही. काल इंग्रजी अक्षरांत लिहिली, तर मशीनने पानभर चुका काढल्या.

कोंडू : टिप्पणीत घाला. तिरकी रेघ, चांदणी, मंग श्री, परत चांदणी, तिरकी रेघ. त्या दोन चांदण्यांच्या मधलं काय पण असो, मशीन बघत नाय. तिथं देव लिवा, आईमाईवरून शिव्या लिवा. ती गुपचूप पुढं जाते. आमी जात होतो तशी.

धाऊ : मला एक समजत नाय गुरुजी. पेन्शन हाय, पोथी हाय, पारावर जागा फिक्स हाय. हे सी-बी कशाला?

गुरुजी : बुद्धी गंजू नये म्हणून.

कोंडू : खोटं. धाऊला खरं सांगा.

गुरुजी : कोंडू...

कोंडू : खोटं बोललं की आमाला कुठं उभं करायचे? वळचणीबाहेर, उन्हात. जाताय बाहेर? का सांगताय?

गुरुजी : ...माझी अंजू बंगलोरला असते. हेच काम करते, प्रोग्राम लिहायचं. तिची इथली मैत्रीण शकू सांगत होती, इंटरनेटवर एक मेलिंग लिस्ट आहे. नवशिके तिथे सीचे प्रश्न टाकतात. कंस कुठे, जागा किती सोडायची, नावं कशी द्यायची. अंजू त्यांना उत्तरं देते. फुकट. ओळख ना पाळख. कोणी पण विचारावं, आणि ती उत्तर देते.

कोंडू : तुमाला सोडून.

गुरुजी : मला सोडून.

धाऊ : अरे मग डायरेक्ट मेल टाका ना! पोरगी हाय तुमची.

कोंडू : टाकली होती, शकूकडनं. उत्तर आलं शकूला. मेलेली माणसं टपाल घेत नाहीत म्हणून सांग, असं.

धाऊ : मेलेली? म्हंजे?

कोंडू : तुला ठावं नाय? हां, तू तवा आसनगावला खोली करून होतास. गुरुजी, सांगा की. का मी सांगू?

गुरुजी : तू सांग. तुला चव येते सांगायला.

कोंडू : येते ना. अंजूनं जातीबाहेर लगीन केलं. कोर्टात. गुरुजींनी काय केलं? नदीवर गेले, डोकं भादरलं, जित्या पोरीचा दहावा घातला. भात, दही, पिंड, सगळं रीतसर. अख्खा गाव काठावर बसला कावळ्याची वाट बघत.

धाऊ : तिकडं उडत उडत आलं होतं कानावर, पण मला वाटलं लोकं बाता मारतात. मग? शिवला कावळा?

कोंडू : विचार त्यांना.

गुरुजी : नाही शिवला.

कोंडू : ऊन डोक्यावर आलं. कावळे झाडाव बसून बघत होते. एक खाली आला, पिंडाजवळ गेला, मान वाकडी करून गुरुजींकडं बघितलं आन् उडाला. खोटं असंल तर जीभ झडो माझी.

धाऊ : कावळ्याला जास्त अक्कल, म्हंजे.

गुरुजी : शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. तो टेकवला पिंडाला.

कोंडू : आन् तिची आई?

गुरुजी : ती घरात होती. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. दोन पावसाळे काढले आणि गेली.

कोंडू : अंजूला कळवलंत?

गुरुजी : नाही.

कोंडू : का?

गुरुजी : मेलेल्या माणसाला कसं कळवणार, म्हणालो. लोकांच्या देखत म्हणालो.

धाऊ : ...मी जरा कस्टमर बघतो.

कोंडू : थांब. ऐक पुढं, मजा हाय. तर आता ह्यांना त्याच मेलेल्या माणसाकडून उत्तर पायजे. सरळ भेटणार नाय, म्हणून सी शिकतात. नवशिक्या बनून कंस कुठं घालू विचारणार, आन् ती सांगणार. आन् नुसता प्रश्न पाठवून भागत नाय हां. लिस्टवर नियम हाय, आधी स्वतः लिवून दाखवा. म्हणून हा सगळा आटापिटा.

गुरुजी : लिहिलाय मी. पाढ्यांचा प्रोग्राम. चालतो. एकोणतीसचा पाढा न चुकता देतो.

कोंडू : एकोणतीसचा! त्याच्यावर किती छड्या खाल्ल्या मी. मशीनला नाय मारलंत?

गुरुजी : आज पाठवायचं म्हणाला होतास.

कोंडू : पाठवू. पण ही मशीन जुनी, खिडक्याबिडक्या उघडाला गेलं तर तिचा जीव जातो. सगळं काळ्या पडद्यावर, टाइप करून. लिस्टवाल्यांना पण रंगीत मेल आवडत नाय, साधा मजकूर लागतो. हा मट म्हणून प्रोग्राम हाय टपालाचा. याची एक सेटिंगची फाइल. त्याच्यात लिवाचं, टपाल कुठून आलं, कोणाकडून आलं. बघा, पत्ता क्लासचा टाकला. आता नाव. तुमचं खरं टाकलं तर ती उघडणार पण नाय.

गुरुजी : कोणतंही टाक. बुधू टाक, हनुमान टाक.

कोंडू : कंदमुळ्या टाकतो.

गुरुजी : हे कसलं नाव? कोणाचं?

कोंडू : तुमीच ठेवलेलं.

गुरुजी : मी? कोणाला?

कोंडू : आठवत नाय?

गुरुजी : इतकी मुलं हाताखालून गेली, नावं ठेवायची सवयच होती मला. कोणाला ठेवलं?

धाऊ : गुरुजी, असं नका ना विचारू त्याला.

कोंडू : विचारू दे. सिद्धगडच्या पायथ्याची शाळा. एक पोरगं डब्यात उकडलेले करांदे, रानातले कंद, आणायचं. भाकरी नसायची म्हणून. तुमी डबा उघडून अख्ख्या वर्गाला दाखवला, बघा, रानडुक्कर काय खातं, आन् करांदे खिडकीबाहेर भिरकावले. त्या दिवसापासून हजेरीला पण कंदमुळ्या. अंजू त्याच वर्गात, तुमच्या खुर्चीला टेकून बसायची. चार वर्षं मला कोणी कोंडू म्हटलं नाय. टाकू?

गुरुजी : टाक.

कोंडू : असं नाय. बोला, मी कंदमुळ्या.

गुरुजी : मी कंदमुळ्या. आता पाठव.

कोंडू : आन् खाली सही पण तीच. प्रत्येक मेलच्या बुडाला आपोआप उमटंल. हां... प्रोग्राम जोडला. प्रश्न इंग्रजीत घातला. धाऊ, लाइन सोड!

धाऊ : बाईजा बोलतेय गुजरातला, नवऱ्याशी भांडतेय. भांडण होऊ दे पुरतं.

कोंडू : तोवर उभे रहा गुरुजी. हात वर.

(पुढच्या आठवड्यात. तीच फळी, तीच मशीन. गुरुजी सांगायच्या आधीच उभे.)

गुरुजी : आलं का?

कोंडू : आलं. लिस्टवर, सगळ्यांच्या देखत.

गुरुजी : तिचंच?

कोंडू : तिचंच. इंग्रजीत हाय, मी मराठीत सांगतो. तुमचा प्रोग्राम चालतो, पण वाचणाऱ्याला ती शिक्षा हाय. सगळी नावं एका अक्षराची कशाला? कंस कुठं वर, कुठं खाली. श्वास घ्यायला जागा सोडत नाय. आपल्याला कळतं म्हणून लिवायचं नसतं, दुसऱ्याला कळावं म्हणून लिवायचं असतं. पुन्हा लिवा.

गुरुजी : पुन्हा लिहा? असं म्हणाली?

कोंडू : शेवटचं वाक्य. पुढं काय नाय.

गुरुजी : हे माझं आहे! वहीवर लाल शाईने मी असंच लिहायचो. तिलाही लिहिलंय. धाऊ, ऐकलंस? पुन्हा लिहा म्हणाली मला!

धाऊ : गुरुजी, तिनं तुमची बिनपाण्यानं केलीय आन् तुमी पेढे वाटल्यासारखं काय करताय?

गुरुजी : तुला कळायचं नाही. सहा वर्षांनी ओरडली माझ्यावर.

कोंडू : तुमच्यावर नाय. कंदमुळ्यावर.

गुरुजी : चालेल. मी लिहितो पुन्हा. नावं मोठी देतो. आणि विचार तिला, जागा किती सोडायची. चार, की आठ? हे विचारलं तर दोन दिवस जातील उत्तर यायला. मग विचारू, टिप्पणी ओळीवर की बाजूला. मी यादी केलीय मनात. पुरतील तिला वर्षभर...

कोंडू : दुसरी मेल पण आलीय.

गुरुजी : दुसरी?

कोंडू : आज सकाळी. लिस्टवर नाय, फक्त आपल्या पत्त्यावर. आन् मराठीत.

गुरुजी : मराठीत? का? तिने... तिने ओळखलं?

कोंडू : ओळखलं.

गुरुजी : वाच. इंग्रजी अक्षरांतलं मराठी मला लागत नाही, तू वाच.

धाऊ : कोंडू, मधलं मधलं सोड हां. मी वाचलंय सकाळी तुझ्या खांद्यावरनं. थोडक्यात सांग, झालं.

गुरुजी : मधलं गाळायचं नाही. खणखणीत वाच. शिकवलंय मी तुला.

कोंडू : शिकवलंत खरं. मंग ऐका. "कंदमुळ्या, तू कोंडूच ना? असलं नाव जगात दुसऱ्या कोणाला नसणार. तू सी शिकतोस, बघून इतकं बरं वाटलं. लिस्टवर तुला झाडलं, राग मानू नकोस, मी सगळ्यांनाच झाडते. बापाचा हात आलाय माझ्या हाताला, काय करू. तुझे करांदे आठवतात. मधल्या सुट्टीत मी खिडकीमागं जाऊन वेचून खाल्ले होते. चांगले होते रे. तुला कधी सांगितलं नाही."

गुरुजी : कंदमुळ्या तुला समजली ती. मला नाही.

कोंडू : मला समजली. पुढं वाचू?

गुरुजी : वाच.

कोंडू : "एक काम कर माझं. म्हातारा गेला की मला मेल टाक. आईचं मला वर्षानं कळलं, शकूच्या तोंडून. ह्याचं तरी त्याच दिवशी कळव. तो आहे तोवर त्या दारात पाय ठेवणार नाही. नंतर येईन. आईची विळी न्यायची आहे. आणि तो खरंच गेला का, ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे."

धाऊ : बास. बंद कर ते.

कोंडू : संपलंच हाय. खाली फक्त नाव. अंजू.

गुरुजी : परत वाच.

कोंडू : कशाला?

गुरुजी : सगळं नको. ‘नंतर येईन’ तिथून.

कोंडू : "नंतर येईन. आईची विळी न्यायची आहे."

गुरुजी : विळी आहे. माळ्यावर आहे, फडक्यात गुंडाळून. गंजली असेल थोडी. खोबरेल लावलं की निघतो गंज.

कोंडू : बसा गुरुजी.

गुरुजी : मी बसलो तर उत्तर कोण सांगणार? घे लिहायला. त्याच अक्षरांत लिही, तिला समजतील अशा.

कोंडू : काय लिवू?

गुरुजी : भगीरथ गुरुजी गेले.

धाऊ : ओ! थू थू करा आधी! भलतं काय बोलता भरल्या दुपारी?

गुरुजी : तू मधे बोलू नकोस. लिहिलंस, कोंडू?

कोंडू : माझ्या नावानं खोटं पाठवणार नाय मी. ती माझ्याशी बरं बोललीय. एवढ्या वर्षांत त्या शाळेतलं पयलं कोणी.

गुरुजी : तुझं नाव कुठे आहे? कंदमुळ्या मी आहे. तूच वदवून घेतलंस माझ्याकडून. लिही.

कोंडू : लिवतो. मला काय. कशानं गेले?

गुरुजी : साधं टाक. झोपेत.

कोंडू : झोपेत? तुमाला? इतकं सोपं मरण तिला पटायचं नाय.

धाऊ : कोंडू, लाज वाटू दे थोडी!

गुरुजी : तो बरोबर बोलतोय. मग पडून गेले, असं टाक. पायरीवरून पडलो. दोन दिवस कोणाला कळलं नाही.

कोंडू : हे पटंल. आन् शेवटी तुमी तिचं नाव घेतलं, असं घालू? येईल मंग धावत.

गुरुजी : ते नको.

कोंडू : का?

गुरुजी : ते वाचलं की तिला कळेल, हे सगळं खोटं आहे.

कोंडू : ...पुसलं.

गुरुजी : कधी यायचं, ते घाल. दहाव्याला ये म्हणावं. नदीवर नको, घरीच ये. विळी काढून ठेवलीय, असं लिही. ते तर खरं आहे. मी जातो की काढतो आजच.

धाऊ : आन् अख्खं मुरबाड तुमाला बाजारात भाजी घेताना बघणार, त्याचं काय? शकूनं सांगितलं तर?

गुरुजी : शकूकडे मी जातो. तिच्या पाया पडतो. आणि बाजारात नाही जाणार तोवर. घरात भात आहे, डाळ आहे. दार लावून बसेन. मेल्यासारखा राहीन म्हणजे झालं, त्यात काय अवघड?

कोंडू : धाऊ, लाइन सोड.

धाऊ : नाय सोडणार. माझ्या फोनवरनं असला निरोप जाणार नाय.

कोंडू : सोड म्हणतो ना. उद्या हे वाण्याच्या फोनवरनं कळवतील, नायतर पोस्टातून तार करतील. त्याच्यापेक्षा इथनं जाऊ दे.

धाऊ : घे. पाप तुझ्या माथी.

कोंडू : लागला फोन... जातंय गुरुजी. अजून थांबवता येईल. बोला पटकन.

गुरुजी : जाऊ दे.

कोंडू : गेलं.

धाऊ : आता ती येणार. गाडीतून उतरणार, दारात येणार, आन् हे समोर बसलेले, जित्ते! मंग काय होईल, याचा विचार केलाय कोणी?

कोंडू : तुमाला बघितल्या बघितल्या परत फिरंल ती, गुरुजी. एक शब्द बोलणार नाय. विळी पण नाय घेणार.

गुरुजी : फिरू दे. पाठमोरी तर दिसेल.